तरुणपणी लकवा आणि कार्डावर ‘कारण अनिश्चित’: शोधायचं की सोडून द्यायचं?

शाहूपुरीकर:
मावसभाऊ, वय ३४, शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर. उजवा हात-पाय लुळा पडला, जीभ जड झाली. एमआरआयमध्ये मेंदूची शीर गुठळीनं बंद झालेली दिसली. बीपी, साखर, मानेच्या शिरा, ईसीजी, साधा इको सगळं नॉर्मल. तंबाखूही नाही. गोळ्या दिल्या, डिस्चार्ज कार्डावर ‘कारण अनिश्चित’ लिहिलं, पाठवलं घरी. माझं मत: अशा तरुण पेशंटांचा इथंच कोल्हापुरात नीट अभ्यास व्हावा, आणि त्यांच्याच वयाच्या धडधाकट लोकांच्या तपासण्याही सोबत व्हाव्यात.

कागलकर:
कारण कळून काय होणार? अ‍ॅस्पिरिन तेच, कोलेस्टेरॉलची गोळी तीच. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं. आमच्याकडं ‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणत आधी मालीश, मग झाडपाला, तिसऱ्या दिवशी सीपीआर रुग्णालय. पैसा तिथं लावा की.

पंचगंगाकाठ:
कागलकर, गोळी तीच राहते हे साफ चूक. रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी निघाल्या (१२ आठवड्यांनी पुन्हा तपासायच्या, हे बरेच जण विसरतात) तर रक्त पातळ करायचं औषधच बदलतं. हृदयाच्या पडद्यात जन्मापासून राहिलेलं भोक, म्हणजे पीएफओ, साध्या इकोत निसटतं, बबल टेस्ट, म्हणजे शिरेतनं बारीक बुडबुडे सोडून केलेला इको, लागते. २०१७ च्या ‘क्लोज’ चाचणीत भोक बुजवलेल्या २३८ जणांत पुन्हा लकव्याचा झटका एकालाही नाही, नुसत्या गोळ्यांवरच्या २३५ जणांत १४.

कागलकर:
म्हणजे २२१ जणांना भोक न बुजवताही काही झालं नाही. त्याच चाचणीत बुजवलेल्यांत हृदयाचे ठोके बिघडण्याचं प्रमाण जास्त होतं, ते नाही सांगितलंत! चारातल्या एकाला हे भोक असतंच. अख्खी तालीम रांगेत उभी करणार काय?

शाहूपुरीकर:
अहो, म्हणूनच तर निरोगी माणसं हवीत! पेशंटात भोक सापडलं म्हणून तेच गुन्हेगार ठरत नाही. हेलसिंकीच्या पुढाकारानं झालेल्या ‘सिक्रेटो’ अभ्यासात १८ ते ४९ वयाचे असेच रुग्ण घेतले आणि वय-लिंग जुळणारे निरोगी लोकही. तिकडचे आकडे आपल्याला तसेच्या तसे कसे लागू पडतील? मिश्री-मावा तिकडं कुठला!

रंकाळा_८५:
एवढं कशाला? लस घेतल्यापासनंच हे सुरू झालंय.

पंचगंगाकाठ:
कारण न सापडलेल्या झटक्यांचा रकाना लकव्याच्या कारणांच्या १९९३ च्या ‘टोस्ट’ वर्गीकरणातच आहे. कोविड कुठं होता तेव्हा? कागलकर, कारण न शोधता सगळ्यांना एकच औषध द्यायचा प्रयोगही झालाय. २०१८ ची ‘नेव्हिगेट’ चाचणी: अ‍ॅस्पिरिनऐवजी रिव्हारोक्साबॅन हे रक्त पातळ करायचं औषध दिलं, झटके कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला.

कागलकर:
हे मान्य. पण रोजगार बुडवून शिरेत सुई टोचून घ्यायला धडधाकट माणूस येणार कोण?

शाहूपुरीकर:
बुडालेला रोजगार द्यायचा. मी पहिला येतो.

कागलकर:
ये की. पण तुझ्याच हृदयात भोक निघालं तर तुला सांगायचं का नाही? सांगितलं तर घरचे तुला सुखानं झोपू देणार नाहीत, आणि निरोगी माणसाचं भोक कुणी बुजवत नाही. ते आधी ठरवा, मग रक्त काढा.