सिंचोन-होंगदे भागात रोजचं जेवण आणि शुक्रवारची बैठक: सल्ला हवाय

गवती_चहा

नमस्कार मंडळी. ऑगस्टअखेर सोलला चाललेय, योन्से विद्यापीठात एका सेमिस्टरसाठी. खोली सिंचोन स्टेशनजवळ ठरलीय. नेटवरच्या 'होंगदेमधली दहा भन्नाट कॅफे' छापाच्या याद्या वाचून डोकं उठलंय. अस्वलाच्या आकाराचा केक एकदा खाईन, रोज काय खायचं ते कोणी सांगत नाही.

दुपारी दहा हजार वॉनच्या आत पोट भरेल असं काय मिळतं? एकटीने जाऊन बसलं तर चालतं का? आणि शुक्रवारी वर्गातल्या मुलांबरोबर बसायचं झालं तर कुठे? चिकन, अंडी, मासे खाते. बीफ-पोर्क नाही. बिअर चालते, सोजूशी अजून ओळख नाही. रूममेट नागपूरची आणि पक्की शाकाहारी आहे. तिच्यासाठीही सांगा, नाहीतर चार महिने मलाच वरण-भात लावावा लागेल.

तिरपागडा

रुमाल टाकून ठेवतो.

शाकाहारी आणि कोरिया? मेतकूट किती किलो नेताय?

उंबरठा

चार वर्षं सिंचोनमध्ये काढली (पीएचडी, दुसरं काय). म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी एक सांगून टाकतो, दुकानांची नावं देणार नाही. लपवायचंय म्हणून नव्हे. त्या भागात भाडी अशी चढतात की मार्चमध्ये जिथे जेवलो तिथे सप्टेंबरमध्ये मोबाइलची कव्हरं विकत असतात. नावं पाठ केलीत तर बंद शटरसमोर उभ्या राहाल. गल्ल्या आणि पदार्थ ओळखायला शिका, ते टिकतं.

मेट्रोच्या दोन नंबर लाइनवर हाप्जंग, होंगदे, सिंचोन, ईदे अशी ओळीने स्टेशनं आहेत. सिंचोन ते होंगदे चालत वीस मिनिटं. होंगदे म्हणजे होंगिक विद्यापीठ, चित्रकलेसाठी नावाजलेलं. रस्त्यावर गाणारी-नाचणारी पोरं, नऊ नंबरच्या एग्झिटपाशी अख्खं सोल एकमेकांची वाट बघत उभं. दोनदा बघाल, मग आपणहून टाळाल. सिंचोन जरा जुनाट आणि कळकट, पण पोटाच्या दृष्टीने तेच बरं, कारण योन्से, सोगांग आणि इह्वा अशा तीन विद्यापीठांची पोरं तिथे जेवतात. योन्सेच्या गेटकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर जेवू नका. डावी-उजवीकडच्या बोळांत शिरा. दारात चपला दिसल्या, भिंतीवर चारच पदार्थ लिहिलेले असले आणि आत विद्यार्थी वाफाळत्या वाडग्यावर मान घालून बसले असले की निःशंक आत जा.

दहा हजारांत बसतं, पण काठावर. (हजार वॉन म्हणजे साधारण साठ रुपये धरा.) किंबाप (समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात) साडेतीन-चार हजार, किमची घातलेला रस्सा-भात आठ-नऊ हजार. सोबत पांचान, म्हणजे छोट्या वाट्यांतलं तोंडीलावणं. ते पुन्हा मागितलं तर पैसे पडत नाहीत. पाणी आपलं आपण आणायचं, चॉपस्टिक टेबलाच्या बाजूच्या खणात असतात. पहिल्या दिवशी मी पाच मिनिटं कावराबावरा होऊन बसलो होतो, शेवटी समोरच्या मुलाने न बोलता माझा खण ओढून दाखवला.

सगळ्यात स्वस्त म्हणजे विद्यापीठाची कँटीन. बऱ्याच विद्यापीठांत सरकारी मदतीने विद्यार्थ्यांना हजार वॉनमध्ये सकाळचं जेवण मिळतं, 2017 पासूनची योजना आहे. तुमच्याकडे आहे का ते पहिल्याच आठवड्यात विचारा. लवकर उठावं लागतं, हीच काय ती अडचण.

तुमच्यासाठी तीन शब्द. सो म्हणजे गाय, द्वेजी म्हणजे डुक्कर, आणि कोंबडीला लिहिताना डाक म्हणत असतील, पण कानाला चक्क 'ताक' ऐकू येतं. तेव्हा हॉटेलात कोणी ताक म्हणालं की खूश व्हा. डाकगाल्बी हा तुमचा पदार्थ. चुनचोन गावचा, विद्यार्थ्यांचा जुना लाडका. टेबलाच्या मधोमध परातीएवढा तवा, त्यात तिखट लाल वाटणात घोळलेलं चिकन, कोबी, रताळं, तांदळाच्या चिवट वड्या. ढवळायला तेच लोक येतात, तुम्ही उलथन्याला हात लावलात की रागावतात. सगळं संपत आलं की खरी मजा. तव्यावरच्या उरल्यासुरल्या मसाल्यात भात, समुद्री शेवाळाचा चुरा आणि तिळाचं तेल घालून परततात, वर दाबून पातळ पसरतात आणि खाली खरपुडी धरेपर्यंत हलवत नाहीत. आमच्या टेबलावर त्या खरपुडीवरून भांडणं झालीयत. पण हे बहुतेक ठिकाणी किमान दोन माणसांचंच मिळतं. एकटं असाल तर रस्सा-भात, किंबाप, नूडल्स. एकटं जेवायला कोणी हसत नाही, त्याला होनबाप असा शब्दच आहे.

आणि वाढणाऱ्या बाईंना हाक मारायची 'इमो'. अर्थ सांगू? मावशी. अगदी सख्खी, आईची बहीण. आपल्याकडे खाणावळीत मारतो तीच हाक.

आता शुक्रवार. 'कुठे बसायचं' हा प्रश्नच तिथे चुकीचा आहे, कारण एका जागी कोणी बसतच नाही. पहिली फेरी इल्छा: जेवण आणि थोडी दारू. दुसरी ई-छा: बिअर आणि तळलेलं चिकन, नाहीतर माकगोली, म्हणजे तांदळाची पांढरट दारू. तिसरी साम-छा: नोरेबांग, म्हणजे खोली घेऊन गाणी. पुढच्या फेऱ्यांना नंबर असतात, पण आठवणी नसतात. तुम्ही दुसऱ्या फेरीनंतर सटकलात तर कोणी मनावर घेत नाही. पहिलीला मात्र या.

सोजूची बाटली हॉटेलात पाच हजारांच्या आसपास, कोपऱ्यावरच्या दुकानात दोन हजारांच्या आत. सोळा टक्के अल्कोहोल, चवीला निरागस. तिथेच माणूस फसतो. एका बाटलीत साधारण सात पेले भरतात. दोघांत वाटा, तिघांत वाटा, चौघांत वाटा, हिशोब जमत नाही आणि दुसरी मागवावी लागते. आपला पेला आपण भरायचा नाही, मोठ्यांनी ओतलं तर दोन्ही हातांनी धरायचा आणि तोंड बाजूला वळवून प्यायचा. आमचे प्रोफेसर समोर असले की अख्खं टेबल एकाच दिशेला मान वळवायचं.

कट_वेगळा

उंबरठाशेठ, पोर्क न खाणाऱ्यांना सगळं सांगितलंत, आमच्यासारख्यांचं काय? कामजाथांग राहिलं की राव! डुकराच्या पाठीच्या कण्याचा लाल रस्सा, बटाटा, वर भरडलेले पेरिला-बी. पहाटे तीनलाही चालू. मी कोल्हापूरचा, तांबड्यावर वाढलेला, तरी सांगतो, हा त्याचा चुलतभाऊ शोभतो. हाडातलं चोखायला लाज बाळगू नका. आणि वजडी आवडणाऱ्यांनी गोपचांग खावं, तव्यावर भाजलेली आतडी. आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी गायीची असतात.

तिखटाबद्दल मात्र फार ऐकू नका. लाल दिसतं, पण गोड लागतं. हिरवी मिरची ठेचून न्यावी असं माझं मत.

मेथीघोळाणा

शाकाहाराचं मी सांगते, कारण दोन वर्षं भोगलंय.

मेतकुटाची चेष्टा करू नका, मी खरंच नेलं होतं.

पहिला धडा: 'गोगी प्पे जुसेयो', म्हणजे मांस काढून द्या. हे पाठ करून मी मोठ्या ऐटीत भाज्यांचं किंबाप मागवलं. आलं ते हॅम घालून. मी दाखवलं, तर बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, हे गोगी नाही, हे हॅम आहे. हॅम काढायला लावलं तर खेकड्याच्या चवीची गुलाबी काडी राहिली. ती माशाची. शेवटी उरला भात, गाजर, पालक आणि पिवळा मुळा. तरी छान लागलं, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून हॅम, ओमुक (माशाच्या वड्या) आणि ती काडी अशी तिन्ही नावं घेऊन नको म्हणते.

दुसरा धडा: रस्सा दिसला की सुकी मासळी समजायची. बहुतेक पाणी छोट्या सुक्या माशांनी उकळलेलं असतं. किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशांचं पाणी, त्तोकबोक्कीतही (तिखट रश्शातल्या तांदळाच्या वड्या) तेच. ज्यांना 'तुकडा नको, रस चालेल' त्यांचं सोपं आहे. तुमच्या रूममेटने ही रेघ कुठे मारायची ते विमानात बसण्याआधी ठरवावं, तिथे उपाशीपोटी ठरवू नये.

बिनघोर काय? सप्टेंबरपर्यंत कोंगगुक्सू मिळेल, सोयाबीनच्या गार दुधातल्या नूडल्स. नुसतं मीठ घालून खातात. पहिला घास बेचव लागतो, चौथ्याला कळतं. बटाट्याचं कामजाजॉन, म्हणजे आपलं बटाट्याचं थालीपीठच म्हणा. बिबिंबाप, म्हणजे वर भाज्या घालून कालवायचा भात, मांस वगळून, पण वरची लाल चटणी विचारा, कधीकधी तीत खिमा घालतात. थंडी पडली की रस्त्यावर होत्तोक: आत गूळसर साखर आणि दालचिनी, चटका बसतो, सावकाश खा. एखादा दिवस राखून ठेवून जोग्येसा मंदिरासमोर बाल्वू गोंग्यांगमध्ये मठातलं जेवण घ्या. महाग आहे, आधी जागा राखावी लागते आणि कांदा-लसूणही नसतो, पण एक दिवस 'यात काय घातलंय' हे विचारावं लागत नाही, त्याचेच पैसे.

इन्स्टंट नूडल्समध्ये ओट्टोगीचं छेह्वांग शाकाहारी आहे. होंगदेत सीयू या दुकान-साखळीचं एक दुकान आहे, भिंतभर दोनशेच्या वर प्रकारचे राम्यॉन. तिथल्या यंत्रावर शिजवून तिथेच खायचं. दर पाकिटाची मागची बाजू वाचत मी तिथे एक तास घालवलाय.

तिरपागडा

एक तास पाकिटं वाचून काय खाल्लंत?

मेथीघोळाणा

केळ्याचं दूध.

जुना_सोलकर

2005 ते 2007 तिथे होतो, त्यामुळे माझे दर सांगितले तर रडाल. दोन गोष्टी.

सिंचोन नावाची दोन स्टेशनं आहेत. एक दोन नंबर लाइनवर, एक रेल्वेच्या ग्योंगी-जुंगांग लाइनवर, दोन्हींमध्ये चांगलं चालावं लागतं. आमच्या वेळी तर याच दोन नंबरवर शहराच्या दुसऱ्या टोकाला सिनचॉन नावाचंही स्टेशन होतं. मी पहिल्याच भेटीला तिकडे जाऊन उभा होतो आणि मित्र इकडे. 2016 मध्ये त्याचं नाव बदललं, आमचं नुकसान झालं ते झालंच. भेटायचं ठिकाण तेव्हा मॅकडोनाल्ड्स होतं, तेही 2018 मध्ये बंद पडलं. आता म्हणे ह्युंदाई डिपार्टमेंट स्टोअरच्या बाजूचा लाल पाणबुडी-दुर्बिणीसारखा खांब.

दुसरी: सप्टेंबरमध्ये योन्से विरुद्ध कोरिया विद्यापीठ सामने असतात. बेसबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी, रग्बी, फुटबॉल. सामने बघा न बघा, रात्रीची 'आगगाडी' चुकवू नका. पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने दुकानादुकानांत शिरतात, घोषणा देतात, आणि दुकानदार काहीतरी फुकट खायला-प्यायला देतात. गोविंदा पथकाला वाटेत सरबत मिळतं तसंच काहीसं.

पागोळी

पाऊस पडला तर सिंचोन सोडा आणि ह्वेगीला जा. होंगदे स्टेशनावरून ग्योंगी-जुंगांग लाइन थेट जाते. क्योंगही विद्यापीठाच्या बाजूला पाजॉनचा बोळ आहे. पातीचा कांदा आणि समुद्री मासळी घातलेलं जाडजूड धिरडं, जवळजवळ तळलेलं, सोबत पितळी रंगाच्या किटलीतून माकगोली, वाडग्यात ओतून. पाऊस आला की कोरियन माणसाला पाजॉन आठवतंच. कारण विचारलं तर म्हणतात, तेलात पीठ पडल्याचा आवाज पावसासारखा येतो. कांदाभजीचं आपण कधी कारण शोधलं होतं का?

माकगोली सहाच टक्के असते, पण उठून उभं राहिल्यावर कळते.

उंबरठा

पागोळींना +१. राहिलेलं थोडं: गूगल मॅप्सच्या भरवशावर पायी फिरू नका, नेव्हर किंवा काकाओ मॅप घ्या. शेवटची मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास जाते. टॅक्सीला रात्री दहापासूनच जादा दर, अकरा ते दोन तर चाळीस टक्के. बैठक लांबली तर चालत घरी येता येईल अशा अंतरावरच लांबवा. तुमचं घर सिंचोनमध्ये, म्हणजे तुम्ही भाग्यवान, आणि म्हणूनच सगळे तुमच्याकडे झोपायला येतील.

पासपोर्ट जवळ ठेवा, वय विचारतात. ज्या वर्षी एकोणीस पूर्ण होतात त्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून दारू चालते. महाराष्ट्राच्या पंचविशीच्या नियमातून आलेल्या पोराला मी तिथे हरखून जाताना बघितलंय.

गवती_चहा

धागा वर काढतेय. सप्टेंबरचा शेवट, मुक्काम सिंचोन.

डाकगाल्बी चार वेळा झाली. उलथन्याला हात लावला, ओरडा खाल्ला. रूममेटने रेघ 'रस चालेल'वर मारली, दुसऱ्याच दिवशी. ती आता होत्तोकची वाट बघतेय. सोजू दोन पेल्यांवर थांबवते, सातचा हिशोब मित्र करतात.

आगगाडीत सामील झाले. आमचा डबा तीन दुकानांत शिरला, एका ठिकाणी तळलेलं चिकन मिळालं, एका ठिकाणी काकडी.

काल पाऊस होता. ह्वेगीला गेलो. टेबलावर पाजॉन आलं, रूममेटसाठी वेगळं बटाट्याचं. मी धीर करून 'इमो' अशी हाक मारली आणि तोडक्यामोडक्या कोरियनमध्ये सांगितलं की आमच्या भाषेतही हीच हाक आहे, 'मावशी'. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. 'माउशी, माउशी.' मग आत गेल्या आणि एक जास्तीचं कामजाजॉन आणून ठेवलं. बिलात नव्हतं. 'सर्व्हिस' म्हणाल्या.

मेथीघोळाणा, मेतकूट संपलंय. सोलमध्ये हरभऱ्याची डाळ कुठे मिळते?

मेथीघोळाणा

इतेवॉन, मशिदीच्या चढावरची परदेशी किराण्याची दुकानं. भाजताना खिडकी उघडी ठेव, धुराचा अलार्म वाजतो.