टायरचं आजच ठरवा

ग्रुप: आपला वाडा 🏠 (निफाड – पिंपळगाव – पुणे – डेन्व्हर – कॅलगरी)

वहिनी (डेन्व्हर): ह्यांनी ग्रुपवर काही सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. काल सकाळी मुलीला शाळेत सोडायला निघाले आणि आमच्या गल्लीच्या गोठलेल्या उतारावर आमचा विजेवर चालणारा पिकअप ट्रक थांबलाच नाही. पाय ब्रेकवर होता, ब्रेक खालून थडथडत होता आणि गाडी सरळ घसरत चौकाच्या मध्यापर्यंत गेली. समोरून कोणी आलं नाही म्हणून आज लिहितेय. नवे टायर बसेपर्यंत मुलगी त्या ट्रकमध्ये बसणार नाही.

माई: अगं बाई! लागलं नाही ना कोणाला?

वहिनी (डेन्व्हर): नाही माई. पण संध्याकाळपर्यंत हात कापत होते.

दादा (डेन्व्हर): सगळ्यांना घाबरवायची गरज नव्हती. वेग ताशी 20 सुद्धा नव्हता. उतारावर एकदम पाय उचलला की मोटरच ब्रेक लावते, चाकं सुटतात. सेटिंगमध्ये रीजन (मोटरचं हे ब्रेक लावणं) कमी कर म्हणून सांगितलं होतं. टायरचं बघतोय मी.

वहिनी (डेन्व्हर): सप्टेंबरपासून बघणं चालूच आहे.

ताई (कॅलगरी): दादा, बायको घसरली तर आधी तिला धीर दे. सेटिंग नंतर.

नाना: फोर व्हील ड्राइव्ह आहे ना? मग दुसरे टायर कशाला?

अप्पा: नाना, जरा थांब. बाळा, टायरच्या कडेला काय लिहिलंय ते वाचून पाठव. नक्षी किती उरली आणि हवा किती, तेही.

दादा (डेन्व्हर): अप्पा, 275/65 आर 20, लोड 116. दोन वर्षांपूर्वी बसवलेले ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता, माती, दगड सगळीकडे चालणारे. हवा 48 पीएसआय (दाबाचं माप) ठेवायची असते. नक्षी पावणेपाच मिलिमीटर.

अप्पा: ठेवायची असते ते कळलं. आहे किती? स्क्रीनवर बघून सांग.

दादा (डेन्व्हर): 42.

अप्पा: शेवटची कधी भरलीस?

दादा (डेन्व्हर): ऑक्टोबरच्या सुरुवातीला. तेव्हा 20 अंश होतं. आज सकाळी उणे 10.

अप्पा: मग बरोबर. पारा पाच-सहा अंश उतरला की टायरमधली हवा एक पीएसआय उतरते. तीस अंशाला सहा. पंक्चर नाही, थंडी आहे. आजच भर, आणि गाडी रात्रभर उभी असताना सकाळी मोज, चालवून आल्यावर नको.

नाना: हवा कमी असली की पकड वाढते. वाळूत आम्ही हवा काढायचो.

अप्पा: वाळूत. डांबरावर तीन टन वजन घेऊन नाही. कमी हवेचा टायर आतून तापतो आणि कडा खातो. चाळीस वर्षं पिंपळगावला हेच बघितलंय. द्राक्षाचे, कांद्याचे ट्रक कसाऱ्याचा घाट उतरून जायचे, त्यांचे टायर माझ्याकडे रिमोल्डला, म्हणजे नवी नक्षी चढवायला, यायचे.

मामा (पुणे): अप्पासाहेब, घाट आणि बर्फ यांत फरक आहे. मी लेहला दोन हिवाळे काढलेत. आमच्या गाड्यांना साखळ्या असायच्या. टायर कुठलाही असो, साखळी लावा, विषय संपला. आणि जड गाडी उलट बरी. भरलेला थ्री-टनर ट्रक रिकाम्यापेक्षा चांगला चढायचा.

छोटू: मामाआजोबा, चढायचा हे बरोबर. थांबायचा का?

मामा (पुणे): म्हणजे?

छोटू: वजन वाढलं की पकड वाढते, पण थांबवायचं वस्तुमानही तेवढंच वाढतं. हिशोब जेमतेम बरोबरीत येतो. त्यातही रबर वजनाच्या प्रमाणात पूर्ण साथ देत नाही, थोडं मागे पडतं. वहिनीचा ट्रक रिकामाच 3200 किलोच्या आसपास आहे. हजार किलोच्या छोट्या गाडीपेक्षा त्याच वेगाला तिप्पट ऊर्जा जिरवायची.

मामा (पुणे): आधी सेमिस्टर पास हो.

काकू: मुलगा बरोबर बोलला तर कौतुक करावं. आमच्या घरात मुलांना गप्प बसवत नाहीत.

मामा (पुणे): गंमत केली हो. 🙏

नाना: फोर व्हील ड्राइव्ह आहे ना? मग दुसरे टायर कशाला? माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही.

ताई (कॅलगरी): नाना, चारही चाकं ओढतात ती निघताना. थांबताना प्रत्येक गाडीला चारच चाकं असतात आणि ब्रेक सगळ्यांना सारखेच. दादाच्या ट्रकला चार मोटरी आहेत, त्यामुळे तो बर्फावरून इतका सहज निघतो की रस्ता निसरडा आहे हे चालवणाऱ्याला कळतच नाही.

वहिनी (डेन्व्हर): अगदी हेच झालं काल. घरासमोरून निघताना काही जाणवलंच नाही.

ताई (कॅलगरी): पण टायरचं माझं मत वेगळं आहे. आम्ही बर्फाच्या फुलाचं चिन्ह असलेले ऑल-टेरेन वर्षभर वापरतो. दर सहा महिन्यांनी चाकं बदलणं नाही, गॅरेजमध्ये चार टायरांचा ढीग नाही. डोंगर ओलांडून ब्रिटिश कोलंबियात जाताना 1 ऑक्टोबरपासून तेच चालतात, नक्षी साडेतीन मिलिमीटर हवी एवढंच. दादाने नवे ऑल-टेरेन घ्यावेत.

दादा (डेन्व्हर): हेच म्हणतोय मी. एप्रिलमध्ये युटामधल्या मोआबला दगडात जायचं आहे. एकाच सेटमध्ये दोन्ही कामं.

वहिनी (डेन्व्हर): मी काल रात्री झोपले नाही, हेच वाचत बसले. टायरवरचं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) हे अक्षर नुसत्या नक्षीच्या रचनेवर मिळतं, त्यासाठी बर्फात चाचणी लागत नाही. डोंगरातल्या बर्फाच्या फुलाला चाचणी आहे, पण ती दाबलेल्या बर्फावर गाडी वेग किती घेते याची. तुलनेच्या ठरावीक टायरपेक्षा 10 टक्के बरी निघाली की चिन्ह मिळतं. ब्रेकची चाचणी त्यात नाही. टणक गोठलेल्या पाण्याची नाही. आणि मी घसरले ती जागा नेमकी ब्रेकची आणि टणक बर्फाची. ताई, तुमचा रोजचा रस्ता सपाट आहे. माझा उतार आहे आणि खाली शाळेचा चौक आहे.

ताई (कॅलगरी): हे मला माहीत नव्हतं. उतार असेल तर तुझं बरोबर.

दादा (डेन्व्हर): ताई, तू पण?

माई: रबरात असा काय फरक असतो गं? काळंच ना सगळं?

वहिनी (डेन्व्हर): माई, साधारण 7 अंशांच्या खाली नेहमीचं रबर कडक होतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. म्हणून उन्हाळ्यात तो भराभर झिजतो, काढून ठेवावा लागतो.

माई: 7 म्हणजे आपल्याकडेही होतं की. निफाडला पारा 5 वर आला की बागांमध्ये शेकोट्या पेटतात, घड वाचवायला. तुमच्याकडे तर महिनोन्महिने तसं. घे बाई टायर.

काकू: घ्या घ्या. किती पडतात?

दादा (डेन्व्हर): चार टायर आणि वेगळ्या चार डिस्क (टायर बसतो त्या रिम) मिळून अडीच हजार डॉलरच्या पुढे.

काकू: म्हणजे दोन लाखांच्या वर. बरं. वाड्याच्या मागच्या पडवीचे पत्रे तीन पावसाळे गळतायत, तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणालात. आठवलं म्हणून लिहिलं. राग नाही.

दादा (डेन्व्हर): काकू, माझा हिस्सा मी मार्चमध्येच पाठवला आहे. नानांना विचारा.

नाना: पत्र्यांचा विषय इथे नको. फोर व्हील ड्राइव्ह आहे ना?

अप्पा: नाना, बास!! आणि पत्र्यांचं रविवारी फोनवर बोलू. माझ्या सुनेची गाडी चौकात घसरली आहे.

अप्पा: बाळा, आता नीट वाच. एक, मापाच्या बरोबरीने लोड बघ. 116 म्हणजे एका टायरला 1250 किलो. तुझी गाडी माणसं-सामान भरून किती होते?

दादा (डेन्व्हर): जास्तीत जास्त 3870 किलो.

अप्पा: मग चार टायरांना भरपूर वाटेल, पण उतारावर ब्रेक लावला की वजन पुढे फेकलं जातं, वळणावर एका बाजूला. म्हणून 116 च्या खाली जायचं नाही. दुकानदार ‘हा पण बसतो’ म्हणेल. बसेल. पेलणार नाही. दोन, कोणी दणकट म्हणून ट्रकचा एलटी टायर दाखवेल. त्यावर 126 लिहिलेलं असेल, म्हणजे 1700 किलो, पण ते 80 हवेला. 48 हवेत तो तेवढं पेलत नाही. घेतलास तर कंपनीचा तक्ता बघून हवा वाढवावी लागेल, आणि गाडी खडखडेल. तुम्हाला रोज शाळेत जायला तो नको.

मामा (पुणे): हे अप्पासाहेबांनी चांगलं सांगितलं. साखळ्यांचं मात्र मी सोडणार नाही.

वहिनी (डेन्व्हर): मामा, साखळी रोज शाळेला जाताना लावता येणार नाही, पण आय-70 महामार्गावर जाताना जवळ ठेवायलाच हवी. मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात 1 सप्टेंबर ते 31 मे नियम आहे. चारही चाकांना जोर असला तरी योग्य टायर आणि त्यावर 3/16 इंच नक्षी हवी. 3/16 इंच म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. आमची आज नेमकी तेवढीच उरली आहे. दंड 130 डॉलरपासून, आणि आपल्यामुळे रस्ता अडला तर साडेसहाशेच्या वर.

मामा (पुणे): मग माझं म्हणणं राहिलं. टायरवर चढवायचे कापडी मोजे मिळतात तेही चालतील, पण अंगणात कोरडं असताना एकदा चढवून बघा. उणे दहात पहिल्यांदा शिकायला गेलात तर बोटं साथ देत नाहीत. हे मी भोगलंय.

दादा (डेन्व्हर): करतो मामा.

छोटू: दादा, रेंजचं काय? एका चार्जमध्ये किती जाईल?

दादा (डेन्व्हर): ऑल-टेरेनवर 10 ते 15 टक्के कमी मिळते, हे कंपनीनेच आधी सांगितलं होतं. थंडीत बॅटरी आणि हीटरमुळे आणखी कमी. हिवाळी टायर त्याहून वाईट नसावेत. आणि रेंज वाढवायला मी कंझर्व्ह मोडवर चालवायचो, त्यात फक्त पुढची चाकं ओढतात. पुढचे जास्त घासलेत, ते त्यामुळेही असेल. बर्फात तो मोड बंद.

अप्पा: पुढचे जास्त घासले आणि तू मागे-पुढे केले नाहीस?

दादा (डेन्व्हर): एकदाच केले.

अप्पा: जड गाडी आणि विजेची मोटर. पॅडल दाबताक्षणी सगळा जोर रबरावर. दर दहा हजार किलोमीटरला फिरवायचे, अलाइनमेंट बघायचं.

वहिनी (डेन्व्हर): नोकियनचे हाक्कापेलिटा बघतेय. आपल्या मापात, 116 मध्ये मिळतात का ते दुकानात विचारलंय.

छोटू: नोकिया?? त्यात सापाचा गेम पण येतो का 😄

वहिनी (डेन्व्हर): गाव तेच रे, फिनलंडमधलं. त्यांनी 1934 मध्ये पहिला हिवाळी टायर काढला.

माई: मग ठरलं का? मला रात्री झोप लागायला हवी.

दादा (डेन्व्हर): ठरलं माई. हिवाळ्याला वेगळा सेट, वेगळ्या डिस्कवर, म्हणजे दर वेळी टायर उतरवायला नको. ऑल-टेरेन नवे एप्रिलमध्ये, मोआबच्या आधी. गुरुवारची वेळ मिळाली आहे. तोवर ट्रक दारात उभा राहील, शाळेला छोटी गाडी. आणि कालचं, मी आधी तुला विचारायला हवं होतं. चुकलं.

वहिनी (डेन्व्हर): 🙏

नाना: चारही घ्या रे मग. दोनच घेऊ नका. आमच्या वेळी लोक दोनच बदलायचे आणि गाडी गोल फिरायची.

अप्पा: नाना, हे लाखमोलाचं बोललास.

अप्पा: बाळा, बसवल्यावर 80 किलोमीटर झाले की चाकांचे नट परत आवळून घे. टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणारा पाना), अंदाजाने नाही. आणि मला फोटो पाठव, कडेचा, आकडे दिसतील असा.