मदत हवी आहे : सीडीतलं कुत्रं खिडकीबाहेर भुंकायचं बंद झालंय

बिनतारी (सांगली)
जरा लवकर सांगा, रविवारी मित्र ऐकायला येणार आहेत. पिंक फ्लॉइड बँडवाल्या रॉजर वॉटर्सची सोलो सीडी, वीस वर्षं ऐकतोय. सुरुवातीचं कुत्रं आमच्याकडे कायम खिडकीबाहेर भुंकायचं, पार शेजारच्यांच्या जिन्याखाली. गेल्या आठवड्यापासून ते हॉलच्या मधोमध कुठंतरी घुसमटल्यासारखं वाटतंय. सीडी पुसली, दुसऱ्या प्लेअरवर लावली, तेच. नवी घ्यायची तर कोणती घेऊ?

जुना_कॅसेटवाला
कुठली सीडी? १९८४ ची आहे, १९८७ ची आहे, १९९२ ची आहे, २०१७ ची आहे. नाव टाकायला काय होतं?

बिनतारी
कुत्रं म्हटल्यावर कळायला नको का? 'अम्यूज्ड टू डेथ'. टीव्हीसमोर माकड बसलंय ती.

हरिपूरचं_पेव
आमच्या गल्लीत उलटं आहे, रात्री दोन वाजता सात-आठ भुंकतात. महापालिकेला फोन केला तर गाडी येते का हो?

व्हॉल्यूम_बारा
जुनी सीडी द्या कुणालातरी. २०१५ चं, साउंड इंजिनियर जेम्स गथ्रीनं नव्यानं केलेलं रीमास्टर घ्या. त्यातल्या ५.१, म्हणजे सहा स्पीकरच्या मिक्सला ग्रॅमी मिळालंय. शिवाय दिग्दर्शक कुब्रिकनं त्याच्या सिनेमातल्या कॉम्प्युटरचा आवाज वापरू दिला नव्हता म्हणून वॉटर्सनं जुन्या मिक्समध्ये त्याच्यासाठी उलटा वाजणारा निरोप भरला होता. नव्यात तो आवाज आहे.

जुना_कॅसेटवाला
त्यांच्याकडे स्पीकर दोन, आणि तुम्ही सहा विकताय. ही सीडी क्यूसाउंड तंत्रानं केलीय, ते दोन स्पीकरसाठीच आहे. दोन्ही कानांना आवाज किती फरकानं पोचतो त्यात फेरफार करून कानाला फसवतात, म्हणून कुत्रं भिंतीपलीकडे वाटतं. बिनतारी, सेट कुठला? गेल्या आठवड्यात काही केलंत का?

बिनतारी
सोनोडाइनचे जुने स्पीकर. काही केलं नाही.

तंबोरा_मिरज
मी रॉकवाला नाही, पण सतारमेकर गल्लीत लहानाचा मोठा झालोय. जवारीवरचा, म्हणजे तारेखालच्या घोडीवरचा दोरा केसभर सरकला तर तार बोलायची बंद होते, तंबोऱ्यात बिघाड काहीच नसतो. तुमच्याकडे काय सरकलंय ते बघा.

व्हॉल्यूम_बारा
इथं तंबोरा कुठून आला?

तंबोरा_मिरज
मिरजेतून. तिथल्या तंबोऱ्याला २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालंय.

कृष्णाकाठ
मुळात फ्लॉइडचा गिटारवाला गिल्मोर नसलेला वॉटर्स ऐकायचाच कशाला? १९८५ ला बँडमधून बाहेर पडला, तिथं विषय संपला.

जुना_कॅसेटवाला
यात जेफ बेक गिटार वाजवतोय, आधी ऐका. आणि पहिल्याच ट्रॅकमध्ये आल्फ रॅझेल नावाचे म्हातारे सैनिक बोलतात. पहिल्या महायुद्धात जखमी बिल हबर्डला दोन्ही खंदकांमधल्या मोकळ्या जागेत सोडून यावं लागलं, ते सांगतात. शेवटच्या ट्रॅकमध्ये तोच आवाज परत येतो. फ्रान्समधल्या अरासच्या स्मारकावर हबर्डचं नाव दिसलं, त्याची गोष्ट. तेवढ्यासाठी मी ही सीडी मधे बंद करत नाही.
बिनतारी, ते म्हातारे आता कुठून बोलतात? आणि ढोल कसा वाजतो?

बिनतारी
आता विचारलंत म्हणून लक्षात आलं, ढोल पातळच झालाय. फुसका. गाणारा नेमका कुठं उभा आहे तेच कळत नाही, डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटतो. २०१९ च्या पुरात अँप (अँप्लिफायर) दोन दिवस पाण्यात होता, त्याचं असेल का?

कृष्णाकाठ
२०१९!! आयर्विन पुलापाशी ५७ फूट पाणी होतं आणि अँप खालीच ठेवलात?

बिनतारी
माळ्यावर गाद्या ठेवल्या होत्या. तेव्हाच दुरुस्त करून घेतला, पाच वर्षं नीट चालला. आता उजव्या स्पीकरची वायर उंदरानं कुरतडली म्हणून मेकॅनिककडून नवी टाकून घेतली, एवढंच.

जुना_कॅसेटवाला
एवढंच! अहो हेच पहिल्या ओळीत लिहायचं होतं. लाल-काळं उलटं लागलंय. एका स्पीकरचा पडदा पुढं येतो तेव्हा दुसऱ्याचा मागं जातो, म्हणून दोन्हीकडचे ढोल एकमेकांना खातात, मधला आवाज विरतो आणि क्यूसाउंडचा सगळा हिशोब बिघडतो. अँप बंद करा, फक्त उजव्या स्पीकरची दोन टोकं आपसात बदला. दोन्ही स्पीकरची नकोत, नाहीतर परत जिथल्या तिथं.

व्हॉल्यूम_बारा
तरी रीमास्टर घ्याच.

बिनतारी
बदललं. नव्या वायरची दोन्ही टोकं पांढरी, खूणच नव्हती, त्याचा तरी काय दोष. ढोल आला! म्हातारे बरोबर मधे बसले. कुत्रं मात्र अजून फक्त खिडकीच्या गजापर्यंतच जातंय.

जुना_कॅसेटवाला
बसता कुठं? दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर आहात का?

बिनतारी
दिवाणावर. डावा स्पीकर दिवाळीपासून फ्रिजवर आहे, खाली बाईंना झाडायला अडचण होते.

तंबोरा_मिरज
दोरा सापडला.

बिनतारी
उतरवतो. घरात विचारून.

हरिपूरचं_पेव
त्या उंदराचं काय केलंत? आमच्याकडं पण झालेत.