वठलेलं झाड जंगलात राहू द्यावं की लाकडाच्या आगारात विकायला न्यावं?

रानभूल (धागाकर्ता)
देवराई आणि सागाचा कूप (वनखातं पाळीपाळीने तोडतं तो जंगलाचा तुकडा) यांत फरक काय, असं विचारलं की लोक झाडांच्या जाती मोजायला लागतात. मला विचाराल तर खरा फरक मेलेल्या झाडांचा आहे. देवराईतली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही अशी कित्येक गावांची रीत, त्यामुळे उन्मळलेला बेहडा पडल्या जागी कुजतो. कूपात मात्र वठलेलं, वाकडं, ढोली धरलेलं झाड सगळ्यांत आधी तोडीची खूण मारणाऱ्या हातोड्याखाली येतं. रोगट झाड काढलं की जंगल सुधारतं, हा विचार इंग्रजी अमदानीत आला. १८६४ साली ब्रँडिस नावाचा जर्मन माणूस वनखात्याचा पहिला मुख्य झाला, तेव्हापासून तो मुरलाय.

कुजणाऱ्या खोडात बुरशी, भुंग्यांच्या अळ्या, वाळवी. त्यांच्यावर सुतार पक्षी जगतो आणि त्याने कोरलेल्या ढोलीत पुढे दुसरेच पक्षी संसार थाटतात. भीमाशंकरला पावसाळ्यात रात्री चकाकणारं जंगल बघायला लोक जातात, ती चकाकी कुजक्या लाकडावरच्या बुरशीची असते. फिनलंडच्या दक्षिण भागातल्या जुन्या जंगलांत हेक्टरी ६० ते १२० घनमीटर मेलेलं लाकूड असतं, कापणीच्या जंगलांत जेमतेम २ ते १०. तिथल्या जंगली जीवजातींपैकी २० ते २५ टक्के जाती या लाकडावर अवलंबून आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, मरणारी, वाऱ्याने पडलेली झाडं हलवायला मनाई केली. हद्दीबाहेरच्या कूपात सुतार पक्षी वेगळा असतो का? तिथेही काही जाड वठलेली झाडं उभी राखलीच पाहिजेत.

जंगलकाम
फिनलंडचे आकडे विदर्भात आणू नका हो. तिथे ओंडका कित्येक दशकं पडून राहतो. आपल्याकडे सालईचं खोड पडलं की दोन-चार पावसाळ्यांत वाळवी त्याचा फडशा पाडते. मग घनमीटर मोजून तुलना कशाची करणार?

दुसरं, 'रोगट झाड काढा' हा निव्वळ साहेबी खुळेपणा नव्हता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशात मंडल्याकडे साल नावाच्या वृक्षांवर खोडकिडा आला. पहिल्या पावसाबरोबर त्याचे भुंगे बाहेर पडतात आणि ताज्या तुटलेल्या, आजारी खोडांत अंडी घालतात. तेव्हा अमाप झाडं तोडावी लागली. ती तशीच ठेवायची होती का?

आणि वणवा. उभं वाळकं झाड पेटलं की ठिणग्या जाळरेषा (आग अडवायला मोकळा केलेला पट्टा) ओलांडून पलीकडे जातात. जाड ओंडका आतल्या आत धुमसत राहतो. आग विझली म्हणून माणसं घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याने पुन्हा भडका.

पानगळ
खोडकिड्याचं उदाहरण अर्धंच दिलंत. त्याला रस असलेलं ताजं लाकूड लागतं. पूर्ण वाळून साल गळलेल्या खोडात त्याची पुढची पिढी वाढत नाही. सागावर तर मुख्य कीड पानं खाणारी. झाड निष्पर्ण होतं, पण सहसा मरत नाही. म्हणजे साल वृक्षाच्या किडीची भीती दाखवून सागाचं वठलेलं खोड लिलावात काढायचं!

वणव्याचं मान्य. पण आग पसरते ती पाचोळ्यातून आणि वाळल्या गवतातून. जाळरेषेलगतची वाळकी झाडं काढा ना, आतली कशाला?

ब्रह्मपुरीकर
तुम्हा सगळ्यांच्या घरी चूल नाही, हे वाचताना कळतंच आहे. गॅसची उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, आमच्या गावातही टाकी आली. पुन्हा भरायला पैसे नसले की बाया जंगलातच जातात. जवळपासचं सरपण संपलं की आणखी आत जावं लागतं, आणि आत वाघ आहे. चंद्रपूर जिल्ह्यात मोहाला, सरपणाला गेलेली माणसं मेली आहेत. देवराईची रीत इथे सांगू नका. देवराई असते गावाच्या एका कोपऱ्यात, सरपण उरलेल्या रानातून येतं.

रानभूल
दादा, मोळीला माझा विरोध नाही. मोळीत मनगटाएवढ्या फांद्या जातात. मी बोलतोय कवेत न मावणाऱ्या खोडाबद्दल. ते बाई डोक्यावरून नेत नाही, ट्रकमधून आगारात जातं. धनेशाला, घुबडाला लागते ती ढोली त्याच खोडात.

जंगलकाम
धनेश बहुतेकदा जिवंत, मोठ्या झाडाच्या ढोलीत घरटं करतो, वठलेल्या नाही. आणि ११३ वर्षं बेपत्ता असलेला रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, १९९७ मध्ये शहाद्याजवळ दिसला, तो कुठल्या अस्पर्श अरण्यात नव्हे. कापणी झालेल्या, गुरं चरलेल्या, सागाच्या विरळ रानात.

पानगळ
म्हणजे ढोली धरलेलं जिवंत झाडही हातोड्यातून वाचवायला हवं. धागाकर्त्याने मागितलं त्याहून जास्तच झालं की हे!

जंगलकाम
मागायला काय जातं. सागाचं उभं मेलेलं खोडही बाजारात लाकूडच असतं. ते राखलं तर चोर नेतो. काढायची मुभा ठेवली, तर बुंध्याची साल गोल सोलून जिवंत झाड वठवणारेही असतात. राखायचं तर रात्रीची गस्त कोण घालणार, वनरक्षक एकटा?

ब्रह्मपुरीकर
गस्त गाव घालतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आता तिथल्या जंगलाचं ग्रामसभा बघते. कोणती झाडं उभी ठेवायची, हेही ग्रामसभेत बसून ठरवता येईल, सरपण कुठून आणायचं ते त्याच बैठकीत ठरणार असेल तर. नुसतं 'खोड सोडा' म्हणून कागद आला, तर पहिली कुऱ्हाड मीच घेऊन जाईन.

रानभूल
अशा बैठकीला बोलवाल का? वाद घालायलाच येईन.