मदत हवी आहे: काळम्मावाडीच्या पाण्यासाठी पहिली होडी, आणि तिला इंजिन किती एचपीचं?

नदीकाठ:

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, दुकानदार माणूस. मावसभाऊ काळम्मावाडीकडं राहतो आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीचा सभासद आहे. सध्या तो ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून जाळी लावायला जातो. पाणी किती मोठं आहे ते बघितलेल्यांना सांगायला नको. २५ टीएमसीचं धरण आहे, आणि हा गडी ट्यूबवर. घरच्यांचा जीव टांगणीला. म्हणून दोघांत मिळून होडी घ्यायचं ठरलंय. पैसे बहुतेक माझे, मेहनत त्याची, आणि रविवारी गळ टाकायला मी.

देवगडकडं एक वापरलेली फायबरची होडी बघून आलोय. लांबी १४ फूट, मधोमध रुंदी साडेचार. बूड गोलसर आहे, सपाट नाही. सोबत १५ एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन देतोय. मालक म्हणतो, "पंधराच घ्या, आठात जीव नाही." भाऊ म्हणतो सहा बास. मला दोन्हीतलं काही कळत नाही. जायचं अंतर एका बाजूला पाच-सहा किलोमीटर. माणसं दोन, कधी तीन. संध्याकाळी जाळी लावायची, पहाटे काढायची, मासा रोहू, कटला, मृगळ आणि चिलापी.

विचारायचं असं की १४ फूट पुरेल का, का १६ बघू? समुद्रात चाललेलं इंजिन गोड्या पाण्यात चालतं का? आणि बॅटरीवरची मोटर हा प्रकार खरंच चालतो की नुसता व्हिडिओत बघायला बरा?

पाणकावळा:

भावा पंधराच घे. परत बदलत बसतोस कशाला. ताकद जास्त असली की काय बिघडतंय, थ्रॉटल आपल्या हातात.

देवगडवाला:

पाणकावळा, बिघडतं ते सांगतो. इंजिन मागच्या फळीवर बसतं. १४ फुटी हलक्या होडीत मागं चाळीस-पन्नास किलो लोखंड, त्याच्याशेजारी ते चालवणारा माणूस, पायाशी पेट्रोलची टाकी. पुढचं टोक वर, मागची कड पाण्यालगत. त्यात थ्रॉटल एकदम कमी केलात की आपलीच लाट मागून आत येते. माणसं बुडतात ती अशी, वेगानं नाही.

नदीकाठ, आमच्या भागातली होडी तुम्हाला चालेल, फक्त आत फोम भरलाय का ते बघा. बसायच्या फळ्यांखाली बंद कप्पे असतात, त्यावर ठोकून बघा, आणि कप्प्यात पाणी साचलंय का ते होडी हलवून ऐका. ज्या फळीवर इंजिन अडकवतात तिच्यात बहुतेक वेळा लाकूड असतं आणि वरून फायबर. बोल्टच्या भोकांतून पाणी आत गेलं की ते लाकूड आतून कुजतं, वरून रंग मात्र झकास. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर ती होडी सोडा.

इंजिनाचं म्हणाल तर समुद्रातलं गोड्या पाण्यात आनंदानं चालतं. उलट गोडं पाणी त्याला मानवतं. प्रश्न असतो आधी काय झालंय त्याचा. वापरानंतर गोड्या पाण्यानं धुतलं नसेल तर आतल्या पाण्याच्या वाटा मिठानं बुजतात आणि इंजिन तापतं. चालू करून बघताना खालचा भाग पाण्यात बुडलेला पाहिजे, पिंपात ठेवून केलं तरी चालेल. कोरडं चालवून दाखवणाऱ्याला तिथंच थांबवा, कारण पाण्याच्या पंपातलं रबरी चाक कोरडं फिरलं की काही सेकंदांत जळायला लागतं. चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार सतत यायला हवी. मग खालच्या गिअरचं ऑइल थोडं सोडून बघा. दुधासारखं पांढरं निघालं तर सील गेलंय. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पैसे खिशातच ठेवा.

आणि खाली जो धातूचा ठोकळा लावलेला असतो, इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा, तो समुद्रासाठी जस्ताचा असतो. धरणाच्या पाण्यात तो नीट काम करत नाही. मॅग्नेशियमचा किंवा ॲल्युमिनियमचा बसवा. स्वस्तातली गोष्ट आहे, पण हे कोणी सांगत नाही.

उद्यमनगर:

मी टर्नर, होडीवाला नाही. पण एचपीचा विषय निघाला की हात शिवशिवतात.

गोल बुडाची होडी पाणी बाजूला सारत चालते, तेव्हा तिच्या वेगाला लांबीनं ठरवलेली मर्यादा असते. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटात वर्गमूळ काढा, त्याला १.३४ नं गुणा, उत्तर नॉटमध्ये. तुमची १४ फुटी पाण्यात साधारण १३ फूट टेकणार. हिशेब पावणेपाच नॉटच्या थोडा वर जातो, म्हणजे ताशी ९ किलोमीटर. पाच-सहा किलोमीटरला ३५ ते ४० मिनिटं. एवढ्याला खरं तर तीन घोडेसुद्धा पुरतात. वारा अंगावर आला तर राखीव हवेत म्हणून पाच-सहा.

याच्या पुढं जायचं तर होडीला पाण्याच्या वर उठून सरपटावं लागतं. त्याला ढोबळ हिशेब दर २५ किलोला एक घोडा, तोही सपाट बुडाच्या होडीला. आता तुमचं वजन मांडू. होडी १६० धरू, तीन माणसं २१०, ओली जाळी ४०, मासे आणि बर्फ ६०, इंजिन ४०, टाकीसकट पेट्रोल २०. झाले ५३० किलो. भागिले २५, म्हणजे २१ घोडे. दोघंच रिकामे निघालात तर ३६० किलो, तिथं साडेचौदा. म्हणजे होडी सपाट बुडाची असती तरी १५ चं इंजिन जाताना जेमतेम उठवणार आणि मासे भरून येताना नुसतं ढकलत बसणार. तुमची तर गोल बुडाची. त्या पंधरातले निम्मे घोडे पेट्रोल पिऊन पाणी घुसळणार. फोर-स्ट्रोकचा ठोकताळा असा की पूर्ण थ्रॉटलला दर १० एचपीमागं तासाला साडेतीन-चार लिटर. टू-स्ट्रोक त्याहून जास्त पितं. धंद्याची होडी आहे, हिशेब तुम्हीच करा.

अजून एक. आपण समुद्रसपाटीवर नाही. साडेपाचशे-सहाशे मीटरवर हवा विरळ असते, दर शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद जाते. देवगडला जे पंधरा आहे ते इथं चौदा. सहा घेतलं तर साडेपाच धरा. एवढ्यानं काही अडत नाही, पण "तिकडं कसं पळत होतं" असं नंतर म्हणू नका.

मागच्या फळीची रुंदी किती आहे? आणि उंची? ती मोजल्याशिवाय इंजिन घेऊच नका.

नदीकाठ:

सगळ्यांचे आभार. मालकाला फोन करून मोजायला लावलं. फळीची रुंदी ३ फूट, आणि इंजिन बसतं तिथं वरच्या कडेपासून बुडापर्यंत उभी १७ इंच.

उद्यमनगर:

रुंदीचं आधी. अमेरिकी कोस्ट गार्डचं छोट्या बोटींसाठी एक कोष्टक आहे. लांबी गुणिले मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटात. ४० ते ४२ आलं तर जास्तीत जास्त साडेसात एचपी, ४३ ते ४५ ला १०, ४६ ते ५२ ला १५. तुमचं १४ गुणिले ३, म्हणजे ४२. आपल्याकडं हा नियम लागू नाही, पण भौतिकशास्त्र तिकडचं-इकडचं वेगळं नसतं. माणसांचा त्यांचा हिशेब लांबी गुणिले होडीची मधली रुंदी (तुमची साडेचार) भागिले १५, तुमच्या होडीत चार बसतात. जाळी आणि मासे धरून तीनच धरा. १६ फुटाची गरज नाही. ती पिकअपवरून न्यायची-आणायची कटकट वेगळी, आणि पाणी खाली गेल्यावर गाळातून ओढायची त्याहून वेगळी.

भाऊ बरोबर बोललाय. सहा.

तुळशीकाठ:

मी धामोडकडची. माझे सासरे तुळशीच्या धरणावर वर्षानुवर्षं जाळी टाकत आले, म्हणून लिहिते. इंजिनावर सगळे बोलले, कागदांवर कोणीच नाही.

धरणात मासेमारीचा हक्क संस्थेला ठेक्यानं मिळतो. तुमचे भाऊ सभासद आहेत हे ठीक, पण तुम्ही नाही ना? रविवारी गळ टाकायला संस्थेची परवानगी आधी घ्या, भागीदारी आहे म्हणून गृहीत धरू नका. दुसरं, काळम्मावाडीच्या बॅकवॉटरचा काही भाग राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत येतो. तिथं इंजिन लावून फिरलात तर वनखातं पाहुणचार करील. हद्द कुठून सुरू होते ते गेटवर विचारून घ्या. तिसरं, इंजिन लावलं की ती यांत्रिक नौका झाली. २०२१ च्या इनलँड व्हेसल्स ॲक्टमध्ये अशा नौकांच्या नोंदणीची तरतूद आहे. तुमच्या होडीला काय काय लागतं ते मत्स्यव्यवसाय खात्यात आणि मेरीटाईम बोर्डात विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

आणि वळीव. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर ढग चढले की इंजिन कितीचं का असेना, काठाला या. आमच्यात पाण्यावरच्या माणसाला हाक मारून बोलवायची पद्धत आहे, आता फोन आहेत. लाइफ जॅकेट विकत आणून घरात टांगून ठेवणारे पण पुष्कळ बघितलेत. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला उलटली ती बोट क्षमतेपेक्षा जास्त भरली होती, हे विसरू नका. तीनचे चार झाले की चौथ्याला काठावर ठेवा, तो पाहुणा असला तरी.

पाणकावळा:

ताई, पटलं. पंधरा मागं घेतो. पण बॅटरीचं राहिलंच की. माझ्या मित्राकडं ५५ पौंड जोर लावणारी मोटर आहे. फुल सोडली की ५० अँपिअर खाते. शंभर अँपिअर-अवरची साधी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे तासाभरात खेळ खल्लास. तळ्यात गळ टाकायला झकास, आवाज नाही, धूर नाही. पाच-सहा किलोमीटर जाऊन यायला नाही जमायची.

देवगडवाला:

आता त्या १७ इंचाचं. इंजिनं मुख्यतः दोन लांबीत येतात, १५ इंच फळीसाठी शॉर्ट आणि २० साठी लाँग. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या बुडाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. १७ वर शॉर्ट लावलंत तर पट्टी दोन इंच वर राहील, पंखा हवा ओढेल, इंजिन नुसतं ओरडेल. लाँग लावलंत तर तीन इंच जास्त खाली लोंबेल, वेग थोडा खाईल पण चालेल.

दोन मार्ग. फळीला मधोमध दोन इंचांची खाच पाडून १५ करायची, किंवा वर लाकूड जोडून २० करायची. खाच पाडणं सोपं, पण पाणी आत यायची वाट तुम्ही दोन इंच खाली आणता. मी वाढवीन. सागाची फळी, आरपार स्टेनलेसचे बोल्ट, वरून फायबर.

उद्यमनगर:

फळी वाढवायचं काम इथं माझ्या ओळखीत होईल. फक्त लाँग घेतलंत तर मार्चनंतर जपा. धरण उतरलं की बुडालेली खोडं पाण्याखाली हातभर असतात. बऱ्याच लहान इंजिनांच्या पंख्यात मुद्दाम तुटणारी एक पिन असते, गिअर वाचावा म्हणून. जाळ्यात किंवा खोडात अडकलं की ती जाते. मूळ मापाच्या चार-पाच पिना, पक्कड आणि वल्ही कायम होडीत. खिळा ठोकून भागवू नका, मग पिन नाही, गिअर तुटतो. पुन्हा टू-स्ट्रोकच घेणार असाल तर ऑइल बोटीच्या इंजिनाचंच, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. मोटरसायकलचं नको.

नदीकाठ:

ठरलं मग. होडी तीच, फळीवर ठोकून टणक वाजली तर. पंधराचं इंजिन त्याचं त्याला ठेवू दे, त्याप्रमाणात किंमत कमी करायला सांगतो. सहाचं फोर-स्ट्रोक लाँग शाफ्ट बघतो, २५-२७ किलो म्हणजे भाऊ एकटा उचलून घरी नेईल. ताई, उद्या संस्थेच्या सचिवांकडं जातोय. उद्यमनगर, सागाची फळी किती जाडीची आणू?

उद्यमनगर:

होडीची आहे त्याच जाडीची. मोजून या, अंदाजे नको.