ज्यूल व्हर्नची कादंबरी घरी मोठ्याने वाचताना सतीचे प्रकरण गाळावे का?

प्रश्न

सुट्टी लागल्यापासून आमच्याकडे रात्रीची जेवणे आटोपली, की ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांतल्या जगप्रवासाच्या कादंबरीचे एक प्रकरण मोठ्याने वाचले जाते. ऐकणारे तिघे आहेत: अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि माझ्या सासूबाई. ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारण्याची पैज लावलेल्या फिलिआस फॉगचा नोकर पासपार्तू मुंबईत मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खाऊन अनवाणी पळत सुटतो, तेव्हा धाकटा हसून हसून लोळला. पुढे मात्र बुंदेलखंडचे जंगल येते आणि एका तरुण विधवेला बळजबरीने सती नेत असल्याचा प्रसंग सुरू होतो. मी तो आधी एकटीने वाचून पाहिला आणि माझा धीर झाला नाही. तो गाळावा, की सौम्य करून सांगावा? दुसरी अडचण अशी, की धाकट्याला बोटी आणि गाड्यांच्या वेळांचा कंटाळा येतो, तर मोठी दुपारी गुपचूप पुढची पाने वाचून रात्री सगळे आधीच सांगून टाकते.

पहिला प्रतिसाद

ताई, कृपया तो प्रसंग गाळू नका. ती तरुण विधवा, औदा, ही कथेत शेवटपर्यंत राहणारी व्यक्ती आहे, त्यामुळे ती कोठून आली हे मुलांना कळले नाही, तर पुढचे सारेच अधांतरी राहील. शिवाय तिची सुटका हा पुस्तकातला सर्वांत थरारक भाग असून पासपार्तूच्या धाडसाची खरी ओळख तेथेच पटते.

मात्र वाचण्यापूर्वी मुलीला दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. पहिली म्हणजे, कथा १८७२ सालातली आहे आणि सतीबंदीचा कायदा बंगाल इलाख्यात १८२९ सालीच झाला होता. त्यामागे राजा राममोहन रॉय यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे दिलेला लढा होता. दुसरी म्हणजे, व्हर्न भारतात कधीच आला नव्हता, त्याने हा देश वाचून रंगवला. मुंबईहून निघालेली गाडी वाटेत रूळ संपल्यामुळे थांबते आणि फॉगला दोन हजार पौंडांना हत्ती विकत घ्यावा लागतो, असे तो लिहितो. प्रत्यक्षात जबलपूरमार्गे मुंबई–कोलकाता लोहमार्ग १८७० सालीच जोडला गेला होता. कथेत रूळ संपले नसते, तर हत्ती आला नसता आणि औदा भेटली नसती. लेखकाने कथेसाठी काय रचले हे अकरा वर्षांच्या मुलीला शोधू द्यावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरा प्रतिसाद

वेळापत्रकाचा कंटाळा आम्हालाही आला होता. मग मुलाच्या हाती एक वही दिली आणि फॉगच्या जमाखर्चाचा कारकून त्यालाच नेमले. लंडन ते सुएझ ७ दिवस, सुएझ ते मुंबई १३, मुंबई ते कोलकाता ३, तेथून हाँगकाँग १३, योकोहामा ६, सॅन फ्रान्सिस्को २२, न्यूयॉर्क ७ आणि परत लंडन ९. बेरीज त्याने स्वतः करून बरोबर ८० आल्याचे आम्हाला ओरडून सांगितले. मुंबईला बोट दोन दिवस आधी पोहोचते, ते दोन दिवस जमेला धरले आणि कोलकात्याला पोहोचेपर्यंत ते खर्ची पडले, तेव्हा तो खरोखर हळहळला.

आणखी एक सुचवतो. पासपार्तू आपले पिढीजात घड्याळ लंडनच्या वेळेवरच ठेवण्याचा हट्ट धरतो. घरातले एखादे जुने घड्याळ तसेच लंडनच्या वेळेवर लावून वाचनाच्या जागी ठेवा. पूर्वेकडे एक अंश सरकले, की सूर्य चार मिनिटे आधी उगवतो, एवढेच मुलांना सांगा. पूर्ण ३६० अंशांचा हिशेब मात्र शेवटच्या, म्हणजे सदतिसाव्या प्रकरणापर्यंत कोणालाही करू देऊ नका.

तिसरा प्रतिसाद

पुढची पाने वाचते म्हणून मुलीला रागावू नये. पुस्तकाने तिला धरून ठेवले आहे. आमच्या थोरल्याला आम्ही एक दिवसाआड वाचणाऱ्याच्या जागी बसवले. आधी वाचून ठेवलेले असल्यामुळे तो कोठे अडखळत नसे, आणि कोठे थांबले की धाकटे कळवळतात, हे त्याला आपोआप उमगले. रहस्य फोडण्यापेक्षा ते राखण्यात त्याला गोडी वाटू लागली.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल ते प्रकरण मुलीनेच वाचले. सती न गेलेल्या विधवेचे केस कापतात, तिला पोटभर अन्न देत नाहीत, असे त्यात एक पात्र सांगते. तेथे सासूबाईंनी हात वर करून तिला थांबवले आणि आपल्या लहानपणी घरात असलेल्या सोवळ्या, म्हणजे केशवपन केलेल्या विधवा आत्यांविषयी सांगू लागल्या: लाल आलवण, दर काही दिवसांनी मागच्या दारी येणारा न्हावी आणि पदर कपाळापर्यंत ओढून बसलेल्या आत्या. आम्ही त्यांच्या तोंडून हे कधीच ऐकले नव्हते. “त्यांना केस वाढवावेसे वाटत नव्हते का?” असे धाकट्याने विचारले. “वाटत असणार रे, पण त्यांना कोणी विचारलेच नाही,” असे त्या म्हणाल्या. पुस्तक काल तेथेच मिटले. आज सकाळी मुलीने स्वतःहून सांगितले, की पुढचे पान तिने उघडलेले नाही. ते ती रात्री आजीच्या शेजारी बसून वाचणार आहे.