पाटीवरच्या मराठी अक्षराचा ‘आकार’ म्हणजे नेमका कुठून कुठवर?

शिरोरेघ (धागाकर्ता)

मराठी पाट्यांचा वाद निघाला की तो ‘अस्मिता विरुद्ध धंदा’ या एकाच रुळावर जातो. कायद्यातल्या एका शब्दाकडे मात्र कुणी बघत नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगारांची दुकानेही पाटीच्या सक्तीखाली आली. अट अशी: मराठी आधी, आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. आता हा ‘आकार’ मोजायचा कसा?

रोमन कॅपिटलना एकच उंची असते. देवनागरी तीन मजली: वर वेलांटी-मात्रा-रफार, मध्ये अक्षराचे अंग, खाली उकार. ‘स्फूर्ती मेडिकल’ घ्या. अंग ३० सेंमी ठेवले तर ‘र्ती’ची वेलांटी आणि रफार वर १०-१२ सेंमी खातात, ‘फू’चा ऊकार खाली साधारण तेवढेच. एकूण ५० च्या पुढे. इंग्रजी नाव कॅपिटलमध्ये ३० सेंमीत आटोपते. म्हणून पाटी करणारा काय करतो, तर मराठीची वेलांटीच्या टोकापासून ऊकाराच्या तळापर्यंतची एकूण उंची ३० धरतो. अंग उरते १७-१८ सेंमी. टेप लावला तर दोन्ही सारखे, रस्त्यापलीकडून बघितले तर मराठी धाकटी. नियमात एवढेच लिहा: उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी. डिझाइनच्या वर्गात मुलांना हा कायदा वाचायला द्यायला हवा, अक्षररचनेचा धडा म्हणून.

कलमबहाद्दर

असहमत. अहो, प्रश्न मराठी दिसते की नाही एवढाच आहे, आणि ते डोळ्यांना कळते. व्यापारी संघटना कोर्टात गेली ती मूलभूत हक्कांचा मुद्दा घेऊन, वेलांटीचा नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या लावायला दोन महिने दिले. तिथे ‘अंग’ कुणी काढले नाही. तुम्ही व्याख्या घातली की निरीक्षकाच्या हाती फूटपट्टी आली. मुंबईत दंड कामगारामागे २,००० रुपये. सेंटीमीटरभर कमी पडले म्हणून किराणावाल्याने तो भरायचा का? ढिला शब्द इथे गरिबाच्या फायद्याचा आहे.

शिरोरेघ

ढिल्या शब्दाचा फायदा गरिबाला होतो हे मला पटत नाही. व्याख्या नसली की अर्थ निरीक्षक लावणार, आणि त्याच्याशी हुज्जत घालायला वकील परवडतो तो मॉलमधल्या शोरूमला. दुसरीकडे मोजमाप ठरवलेले आहेच. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात पाटीवर फ्रेंच ‘ठळकपणे वरचढ’ हवी, म्हणजे काय तर दुसऱ्या भाषेच्या दुप्पट जागा, असे नियमातच सांगितले. कर्नाटकात २०२४ पासून पाटीची ६० टक्के जागा कन्नडला.

पत्रा_आणि_ॲक्रिलिक

दोघेही कागदावरच भांडताय. जागा मोजायला लागलात की ६० टक्के पत्रा मराठीला मिळेल आणि त्यात अक्षरे मुंगीएवढी. बाकीचा पत्रा मोकळा.

खरी गंमत बनवताना होते. इंग्रजी अक्षरे सुटी कापतात, सुटी ठोकतात. देवनागरीत शिरोरेघेमुळे अख्खा शब्द एकसंध पेटी होतो, पण अनुस्वार आणि कधी उकार वेगळे तुकडे राहतात. अनुस्वाराला एकच पिन दिली की दोन पावसाळ्यांत तो खाली, आणि ‘चिंतामणी’चा ‘चितामणी’ होतो! दोन पिना द्या, किंवा मागे पातळ पट्टी घालून तो शिरोरेघेला जोडा. आत दिवे असतील तर रेघेची जाडी २-३ सेंमीच्या खाली नेऊ नका, एलईडी मॉड्यूल बसत नाही. मग वेलांटी अंधारात राहते आणि रात्री ‘स्फूर्ती’चे ‘स्फूर्ता’ दिसते.

दुसरी चूक दाबण्याची. उंची बसत नाही म्हणून ऑपरेटर शब्द वरून ७० टक्क्यांवर दाबतो. आडव्या रेघा बारीक होतात, उभ्या दांड्या तशाच जाड. म्हणजे शिरोरेघच मरते. दाबण्यापेक्षा वेलांट्या-उकार आखूड असलेला टाइप निवडा, रफार वेलांटीच्या आत घ्या. जुने पेंटर हे हाताने करायचे. तिसरी: गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी संगणकी पद्धत) मजकूर कोरल या चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत चिकटवला की पहिली वेलांटी जागा सोडते, ‘मेडिकल’चे ‘मेडकिल’. तेच छापून येते, कारण तपासणारा रंग तपासतो.

देठाचा_श

आकाराआधी मराठी अक्षर कोणते ते तरी ठरवा. शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’, म्हणजे या अक्षरांची मराठी वळणे, ग्राह्य धरली. युनिकोडमध्ये मराठी-हिंदी ‘ल’ला क्रमांक एकच, त्यामुळे फाँटमध्ये मराठी रूप घातलेले असले तरी मजकुराची भाषा मराठी अशी नेमून द्यावी लागते. नाहीतर फाँटचे मूळ रूप, म्हणजे बहुतेक वेळा हिंदी वळण. नियमाप्रमाणे मोठ्ठी पाटी, आणि ‘ल’ लखनौचा. बाकी ‘रॉयल फॅशन हब’ देवनागरीत लिहिले की मराठी झाले, यावर तर कुणी अवाक्षर काढत नाही.

कलमबहाद्दर

देठावरून दंड करायचा म्हणता? १९५३ च्या लखनौ परिषदेने पहिली वेलांटी उजवीकडे नेली, लोकांनी धूप घातली नाही, निर्णय मागे घ्यावा लागला. अक्षराचे वळण सरकारी कागदाने ठरत नाही.

आणि शिरोरेघ, तुमच्या ‘अंगा’ला पळवाट आहेच. दुकानदाराने इंग्रजी छोट्या लिपीत लिहिले तर काय मोजणार? ‘ए’ची उंची की ‘बी’ची दांडी? ‘ए’ धरली तर इंग्रजी पाटी दीडपट फुगवता येईल.

शिरोरेघ

‘बी’ची दांडी. इंग्रजीचे त्या पाटीवरचे सर्वांत उंच अक्षर, मराठीचे अंग. एका ओळीत मावते, ‘आकार’ या शब्दापुढे कंसात.